रिकाम्या डब्याची परतीची फेरी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला उभा राहणारा माणूस बहुधा भारदस्त विषय घेऊन येतो. लोकशाही, संस्कृती, मराठीचं भवितव्य. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी मला फोनवर विषय विचारला तेव्हा मी 'डिस्पोजेबल' एवढंच म्हणालो. पलीकडून प्रश्न आला, "किती शेकडा सांगू?" त्यांना वाटलं, मी चहापानाच्या व्यवस्थेबद्दल बोलतोय.

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे हा शब्द शब्दकोशात कमी आणि दुकानाच्या पाटीवर जास्त सापडतो. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जा, फटाके किंवा प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याच्या शेजारी 'डिस्पोजल' लिहिलेलं एक दुकान असतंच. आत एकात एक घातलेले ग्लासांचे उंच मनोरे, चंदेरी मुलाम्याचे द्रोण, चमच्यांची पुडकी. बारसं असो की तेरावं, केटरर पहिला प्रश्न विचारतो तो हाच: "स्टील की डिस्पोजल?" दोन्हींचे दर वेगळे. स्टील म्हटलं की तो कागदावर खाली एक ओळ वाढवतो, भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी. डिस्पोजल म्हटलं की ती ओळ जाते.

मला आज बोलायचंय ते या गेलेल्या ओळीबद्दल. काम गेलं नाही, फक्त बिलातून गेलं. शंभर ताटं घासायची नसतील तर शंभर ताटं कुणाला तरी उचलावी लागतात, न्यावी लागतात, कुठेतरी टाकावी किंवा जाळावी लागतात. वस्तू टाकाऊ आहे की टिकाऊ हे ती कागदाची आहे की पोलादाची यावरून ठरतं, अशी आपली समजूत असते. माझं म्हणणं असं की, ती उचलणारा माणूस आपण फुकटात गृहीत धरला की ती टाकाऊ होते.

आता कुणीतरी पत्रावळींचा दाखला देणार. तो हमखास येतो, म्हणून आधीच घेतो. पत्रावळीबद्दल मला प्रेम आहे. पळसाची वाळलेली पानं पाणी मारून मऊ करायची आणि बांबूच्या चोयांनी टाचत जायची. घरात लग्न निघालं की उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर पत्रावळी लावायला पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना बसवत. लावणाऱ्याचा हात कच्चा असला की पंगतीत ते उघडं पडे. भाताचं आळं करून आमटी थोपवावी लागे आणि तरी ओघळ मांडीकडे यायचाच. जेवण झालं की पान उकिरड्यावर, उरलंसुरलं गुरांच्या तोंडी, चार महिन्यांनी सगळं खत. निसर्गाच्या हिशेबात या व्यवहारात बोट ठेवायला जागा नाही.

पण माणसांच्या हिशेबात आहे. पंगत उठली की यजमान विडा-दक्षिणेकडे वळे. उष्टी काढून शेण लावण्याचं काम ठरलेल्या माणसांचं असे. घरातलं कार्य असेल तर घरात ज्यांचं वजन सगळ्यांत कमी त्या बायका, म्हणजे आश्रित आत्या, विधवा काकू. मोठं कार्य असेल तर गावकुसाबाहेरून बोलावलेली माणसं, आणि पुष्कळदा त्यांची मजुरी म्हणजे त्या पानांवर उरलेलं अन्न. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या लोकांना जे सोडायला सांगितलं, त्यात मेलेल्या जनावराच्या मांसाबरोबर हे उष्टंही होतं. चवदार तळ्याचं पाणी आपल्या लक्षात राहिलं, कारण ती कृती डोळ्यांत भरणारी होती. उष्टं सोडण्याचा निर्णय घरोघर, संध्याकाळच्या चुलीपाशी अमलात आणायचा होता आणि तो पोटाला चिमटा घेणारा होता.

आपल्या कीर्तनकारांना एक कथा फार प्रिय आहे. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णानं उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ती. देवानं उचलल्या याचं इतकं कौतुक करावं लागतं, याचाच अर्थ ते काम एरवी कुणाच्या वाट्याचं होतं हे समोर बसलेल्यांना नीट ठाऊक होतं.

मातीच्या भांड्याचंही तसंच. तांब्या-पितळेचं भांडं विटाळलं तर चिंचेनं, राखेनं घासून पुन्हा वापरात घेता येई. मडकं विटाळलं तर फोडायचं. 2004 मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी स्टेशनांवर कुल्हड परत आणायचं ठरवलं, तेव्हा कुंभारांच्या हाताला काम हा मुद्दा पुढे होता आणि तो रास्तच होता. आपल्यासारख्यांना त्यात मातीचा वास आवडला. पण दुसऱ्याच्या ओठाला लागलेलं भांडं आपल्या ओठाला नको, ही भावना त्या कुल्हडाच्या तळाशी कुठल्याही रेल्वेमंत्र्याच्या आधीपासून बसलेली आहे.

आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलांत या भावनेची वेगळी सोय होती. बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी असे. ज्याच्यासाठी ती ठेवलेली, त्यानंच ती विसळायची, चहा वरून ओतून घ्यायचा आणि पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून पालथी घालायची. पुढे कागदी कप आले आणि ती कपबशी गेली. कागदी कपानं हॉटेलातली अस्पृश्यता संपवली, असं माझे एक-दोन मित्र हौसेनं सांगतात. मला ते पटत नाही. एका कपानं दोघांनी प्यावं की नाही, हा वाद अंगावर घ्यायची वेळच येऊ नये, अशी ती तडजोड आहे. प्रत्येकाला आपापली कोनाड्यातली कपबशी मिळाली, इतकंच. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव पायपीट केली, ती हा वाद टाळण्यासाठी नव्हती.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या दारानं आली, रोगाच्या भीतीच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांत, स्टेशनांवर, आगगाडीत पाण्याच्या पिंपाला साखळीनं बांधलेला एक टिनचा पेला असे आणि येईल तो त्यानंच पाणी पिई. 1907 च्या सुमारास लॉरेन्स ल्यूएलन नावाच्या बॉस्टनच्या गृहस्थानं कागदी पेला बनवला. 1908 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजचे प्राध्यापक अल्विन डेव्हिसन यांनी शाळेतल्या पेल्यांवर काय काय चिकटलेलं असतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून छापलं. 1909 मध्ये कॅन्सस राज्यानं सामाईक पेल्यावर बंदी घातली, आणि क्षयाच्या त्या काळात तो निर्णय शहाणपणाचाच होता. कागदी पेल्याचं नाव काही काळ 'हेल्थ कप' होतं. 1919 मध्ये ते 'डिक्सी' झालं, शेजारच्या बाहुल्यांच्या कंपनीच्या नावावरून. आरोग्याचं कारण ओसरलं तरी पेला राहिला. एकदा सवय लागली की तिला मूळ कारणाची गरज उरत नाही.

दाढीच्या पात्याला तर आरोग्याचंही निमित्त नव्हतं. किंग जिलेट हे फिरते विक्रेते. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचे जनक विल्यम पेंटर यांनी त्यांना सल्ला दिला होता की, एकदा वापरून फेकायची वस्तू काढ, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल. 1903 साली, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, जिलेट यांचे 51 रेझर आणि 168 पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले, पाती लाखावर. आता प्रश्न आला तो वापरलेल्या पात्याचा. ते केराच्या टोपलीत टाकलं तर केर काढणारीचा हात कापतो. मग अमेरिकन घरांत न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटाला मागच्या बाजूनं एक बारीक फट ठेवायला लागले. पातं त्या फटीत सरकवायचं, की ते भिंतीच्या पोकळीत पडतं. आजही तिकडे जुन्या घरांची डागडुजी करताना भिंत फोडली की गंजलेल्या पात्यांचा ढीग बाहेर पडतो. पन्नास वर्षं कुणीतरी दाढी करून पातं 'टाकत' होतं आणि ते त्याच्याच भिंतीत, हातभर अंतरावर पडून होतं.

(आपल्याकडे वापरलेल्या ब्लेडला पेन्शन नव्हती. अर्धं ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात, अर्धं पोरांच्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायला. बोटं आमचीही कापली, पण पात्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असायचा.)

1 ऑगस्ट 1955 च्या 'लाइफ' साप्ताहिकात एक छायाचित्र छापून आलं. पीटर स्टॅकपोल यांनी टिपलेलं. आई, वडील आणि मुलगी हात वर करून उभी आहेत, आणि त्यांच्याभोवती हवेत ताटल्या, पेले, चमचे, टेबलावरचे रुमाल, अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंचा पाऊस पडतोय. सोबतच्या मजकुराचा आशय असा की, हे सगळं धुवायला 40 तास लागले असते आणि आता कुठल्याही गृहिणीला ती यातायात नको. चित्र फार आनंदी आहे. मी ते बराच वेळ पाहिलंय. त्यात सगळ्या वस्तू हवेत आहेत. छायाचित्रकारानं क्षणच असा पकडलाय की एकही पेला अजून खाली आलेला नाही. पुढच्या क्षणी ते सगळं जमिनीवर सांडलं असणार, आणि स्टुडिओत कुणीतरी वाकून ते गोळा केलं असणार. त्याचं छायाचित्र कुणी काढलं नाही. 40 तासांतले काही तास तिथंही गेलेच असतील की.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर सभागृहातले डॉक्टर मला बाहेर गाठतील. मी सरसकट सगळ्याच टाकाऊ वस्तूंच्या विरोधात नाही. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळून सगळ्या गावाला टोचणारे डॉक्टर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. उकळणं नीट झालं नाही की एकाची कावीळ दुसऱ्याला जात असे. एकदाच वापरायच्या सिरिंजनं किती जीव वाचवले याला गणती नाही. पण तिथंसुद्धा गोम उचलण्यातच आहे. 2009 मध्ये गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा परिसरात हेपॅटायटिस बीची भयंकर साथ आली. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्यामुळे ती पसरली होती, आणि तपासात टाकलेल्या सिरिंजचा परत बाजारात येण्याचा धंदाही उघड झाला. पुडक्यावर 'एकदाच वापरा' असं छापून कुणी ऐकत नाही, हे ओळखूनच लसीकरणात अशा सिरिंज आल्या की ज्यांचा दट्ट्या एकदा खाली गेला की अडकतो, दुसऱ्यांदा वर येत नाही. सुई तोडून मगच टाकायची, कुठल्या रंगाच्या पिशवीत काय घालायचं, ती कुणी न्यायची, नोंद कुठे ठेवायची, हे सगळं जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत बारकाईनं लिहिलेलं आहे. थोडक्यात, जिथं टाकाऊ वस्तूची खरी गरज आहे तिथं तिच्या शेवटाची सोय आपण आधी करतो आणि तिचे पैसेही मोजतो. चहाच्या कपाला असं कुणी विचारलेलं नाही.

तो कप जरा जवळून पाहू. रिकाम्या कपाची आतली कड नखानं खरवडा, पातळ पापुद्रा सुटून येतो. चहा त्या पापुद्र्यात असतो, कागद फक्त बाहेरून आधाराला. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की असा कप गरम पाणी भरून 15 मिनिटं ठेवला तर 100 मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात. पिणाऱ्याच्या बाजूनं गोष्ट एवढी. उचलणारीच्या बाजूनं ती अशी की, कागद म्हणून हा कप रद्दीवाला घेत नाही, कारण आत प्लास्टिक आहे, आणि प्लास्टिक म्हणून भंगारवाला घेत नाही, कारण बाहेर कागद आहे.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर शेडमध्ये जाऊन बसण्याची संधी मला मिळाली. त्या कशा निवडतात ते पाहण्यासारखं आहे. पिशवी हातात आली की पहिल्यांदा चुरगाळतात आणि कान देतात. चरचर वाजली तर एका ढिगात, मऊ राहिली तर दुसऱ्या. पाण्याची बाटली कुठल्याही कंपनीची असो, तिचं नाव 'बिसलरी'. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, आणि कोपरा कापताना त्याचा इवलासा तुकडा वेगळा झालेला असेल तर एक शिवी, कारण तो तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही. पुठ्ठा कोरडा असला तर ठीक, पिझ्झ्याच्या तेलानं माखलेला असला तर बाजूला. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. सगळं झाल्यावर कडेला एक ढीग उरतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, जेवण घरपोच येतं तेव्हा सोबत येणारे सॉसचे पुडे, आणि कप. त्या ढिगाला भाव नाही. उचलला मात्र तोही त्यांनीच असतो, त्याच पाठीवरून.

शाम्पूच्या पुडीची कथा मला दोन मनांची वाटते. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन आणि त्यांच्या मुलांनी ती पुडी लोकप्रिय केली. ज्याला बाटली परवडत नाही त्याला एका न्हाणीपुरता शाम्पू मिळावा, हा विचार गरिबाला मान देणारा होता. पण बाटली निदान भंगारात जाते, तिच्यात कुणी तेल भरतं, गॅलरीत मनीप्लांट लावतं. पुडी फाडली की संपली. गरिबाला परवडणारी वस्तू गरिबालाच निस्तरावी लागते.

1993 मध्ये पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातल्या कार्यकर्त्या आणि बाबा आढाव यांच्या पुढाकारानं. पाणवठा सर्वांना खुला करायला निघालेला माणूस वीसेक वर्षांनी कचऱ्याच्या पेटीपाशी येऊन पोचला, हा योगायोग नव्हे. पंचायतीनं या बायकांना ओळखपत्रं मिळवून दिली. 'आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत' हे पोलिसाला दाखवायला एक कागद हवा होता. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामात त्यांना सगळ्यांत जास्त छळलं ते सॅनिटरी पॅडनी. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेलं असे, रद्दी म्हणून कागद उलगडावा तर आत ते. म्हणून त्यांनी नागरिकांना विनंती केली, पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही उघडणार नाही. किती साधी मागणी! 2013 मध्ये त्यांनी वापरलेली पॅड थेट उत्पादक कंपन्यांच्या पत्त्यावर पाठवून दिली. मला हा विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या सत्याग्रहाच्या इतिहासातला एक उत्तम प्रसंग वाटतो आणि शाळेच्या पुस्तकात तो यायला हवा, पण संपादक मंडळातलं कुणीतरी नाक मुरडेल. 2016 च्या घनकचरा नियमांत शेवटी असं आलं की, पॅडबरोबर ते गुंडाळायचं वेष्टन कंपनीनंच द्यावं.

प्लास्टिकबंदीबद्दल फार बोलत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. गटारं पिशव्यांनी तुंबल्याचं निदान झालं आणि पिशवीच्या जाडीचे नियम आले. 2018 मध्ये 23 मार्चला महाराष्ट्राची अधिसूचना निघाली, 23 जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी 5,000 रुपये. भाजीवाल्या मावशींनी पिशव्या पाटीखाली लपवल्या. 1 जुलै 2022 पासून देशभर काड्या, चमचे, स्ट्रॉ, ताटल्या यांवर बंदी आली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्रानं प्लास्टिकचा थर दिलेले कपही बंदीत घेतले. टपरीवर जाऊन पाहा. या सगळ्या काळात पिशवीची जाडी 50 मायक्रॉन असावी, 75 असावी की 120, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी ती उचलणारीच्या मजुरीवर झाली नाही. आणि ज्या चकचकीत पाकिटांचा ढीग मी शेडमध्ये पाहिला, ती या बंदीच्या यादीत नाहीतच. तिथं कंपन्यांनी 'विस्तारित जबाबदारी' घ्यायची आणि पुनर्वापर केल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची, असा मार्ग आहे. काही कारखान्यांनी खोटीच प्रमाणपत्रं विकल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत निघालं.

आता उसाच्या चोयट्याच्या ताटल्या निघाल्यात, पोफळीच्या विरीची ताटं निघालीत. चांगली आहेत, कुजतात. पण पुण्याच्या कोथरूडमध्ये टाकलेली विरीची ताटली कोथरूडमध्ये कुजत नाही. तिला उकिरडा लागतो आणि तो आपण फुरसुंगी-उरुळी देवाचीला नेऊन ठेवला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, आणि कचऱ्याच्या गाड्या अडवायला गावकऱ्यांना रस्त्यावर बसावं लागलं. मुंबईचं देवनार तर 1927 पासून आहे. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. इतकं मोठं झाल्यावर मात्र भिंतीतली फट लपत नाही.

आणि हे सगळं ज्या महाराष्ट्रात घडतंय, त्याच महाराष्ट्रात याचं उत्तर रोज सकाळी लोकलच्या लगेजच्या डब्यात चढतं. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवायला सुरुवात केली. मावळ-खेड-जुन्नरकडच्या माणसांच्या या धंद्यावर देशोदेशीच्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी लिहिलं, पण सगळे लिहितात ते डबा वेळेवर कसा पोचतो यावर. मला कौतुक आहे ते दुपारनंतरचं. जेवण झालं की तोच डबेवाला परत येतो, रिकामा डबा उचलतो, आणि सकाळी डबा जेवढ्या हातांतून गेला तेवढ्याच हातांतून उलटा फिरत तो संध्याकाळच्या आत घरी येतो. रिकाम्या डब्याची कुणाला भूक नसते, घाई नसते, तरी तो परत येतो. कारण महिन्याचे पैसे ठरतात तेव्हाच त्यात ती परतीची फेरी धरलेली असते. डबेवाला जाताना आपली मजुरी घेतो आणि येतानाची वाऱ्यावर सोडतो, असं होत नाही.

आरे दूध केंद्रासमोर बाटल्या घेऊन रांगेत उभं राहिलेले इथं बरेच जण दिसतायत, केसांवरून कळतं. रिकामी बाटली विसळून नेल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. ती कटकट होती, फुटली की घरी बोलणी बसत. पिशवी आली तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, मलाही. दुधाच्या दरातून परतीची फेरी गेली आणि दर काही फार उतरला नाही. 2018 च्या अधिसूचनेत दुधाची पिशवी परत दिली तर 50 पैसे मिळतील अशी तरतूद होती. आपल्यापैकी कुणाला ते मिळालेत का? हात वर करा. बरं.

गावच्या देवळातल्या सामाईक भांड्यांवर नाव घातलेलं असे, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. भांड्याच्या दुकानात टकटक करत नाव घालणारा बसलेला असे, आता यंत्रानं घालतात. ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होतं, त्या गुरुजींनीही म्हणे इथल्या मंदिराला पन्नास ताटं दिली होती आणि त्यांवर स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं, वाड्यावर काम करणाऱ्या बाईंचं घातलं होतं. अशी ताटं कार्याला न्यायची, मोजून द्यायची, मोजून घ्यायची. एखादं कमी भरलं तर गावभर शोध होई. अलीकडे बचतगटांच्या बायका भांडी बँक चालवतात, तिथं पुन्हा हे मोजणं सुरू झालंय, आणि घासणाऱ्या बाईची मजुरी भाड्यातच धरलेली आहे. मला त्या बिलात आशा दिसते, पर्यावरणदिनाच्या फलकांत फारशी दिसत नाही.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सर्वसाधारण सभेत दोन खर्च आले. फाटकावरच्या कॅमेऱ्यांचा दोन मिनिटांत मंजूर झाला. कचरा नेणाऱ्या ताईंचे घरटी वीस रुपये वाढवायचे, यावर पाऊण तास गेला. सध्या आम्ही त्यांना एका घरामागे महिन्याकाठी आठ-दहा चहांचे पैसे देतो. एक गृहस्थ म्हणाले, "वाढवायचे कशाला? त्यांना भंगार मिळतंच की." मी उठून सांगितलं की भंगार घटत चाललंय. पूर्वी तुमच्या कचऱ्यात डबा, बाटली, रद्दी असायची, ती त्या विकायच्या. आता वर्तमानपत्र तुम्ही मोबाइलवर वाचता आणि कचऱ्यात कप, पाकिटं, पुड्या येतात, ज्यांना कुणी छदाम देत नाही. ओझं तेवढंच, विकण्यासारखं कमी. म्हणजे दरमहाचे पैसे हीच त्यांची खरी मजुरी उरली. गृहस्थ म्हणाले, ते बरोबर आहे, पण एकदम वीस नको. दहा मंजूर झाले. उरलेले दहा मी पुढच्या सभेत मागणार आहे. तुमच्याही सोसायट्यांच्या सभा मार्चनंतर असतील.